गाव बदलते, शाळा बदलत नाही : केंद्रीय विद्यालयाची ओळख

आपल्या शाळेत फौजी घरांतून आलेल्या बऱ्याच मुलांनी सहावीला इथे येण्याआधी एकच शाळा पाहिलेली असते, पण तीन-चार गावांत. तिचे नाव केंद्रीय विद्यालय. तिला कोणी पूर्ण नावाने हाक मारत नाही, सगळे 'केव्ही' म्हणतात. मीही पहिली ते पाचवी केव्हीतच शिकलो. माझी ताई अजून तिथे आहे, अकरावी सायन्सला, आणि धाकटा भाऊ पाचवीत. पप्पा हवाई दलात असल्यामुळे सध्या आमचे घर दिल्लीला लागून असलेल्या गाझियाबादमध्ये, हिंडन एअर फोर्स स्टेशनवर आहे.

ज्यांची मुले गावाकडच्या मराठी शाळेतून थेट इथे आली, ते पालक भेटीच्या रविवारी हमखास विचारतात, "केव्ही म्हणजे नक्की काय रे बाळा? आपल्या शाळेपेक्षा बरी की कमी?" याचे उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही. म्हणून अभ्यास, खेळ आणि सोयी अशा तीन भागांत ते लिहीत आहे.

सुरुवात कशी झाली

केव्हीची कल्पना बदल्यांच्या त्रासातून आली. केंद्र सरकारच्या नोकरांची आणि सैनिकांची बदली कधीही, कुठेही होते. प्रत्येक राज्याची भाषा वेगळी, पुस्तके वेगळी, वर्ष सुरू होण्याचा महिनासुद्धा वेगळा. त्यामुळे मुलांचे वर्ष वाया जायचे. दुसऱ्या वेतन आयोगाने यावर उपाय सुचवला आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये सरकारने 'सेंट्रल स्कूल' योजना मंजूर केली. सुरुवातीला नवीन इमारती बांधल्या नाहीत. जिथे फौजेची मोठी वस्ती होती तिथल्या २० रेजिमेंटल शाळा १९६३-६४ मध्ये ताब्यात घेऊन त्यांनाच सेंट्रल स्कूल केले. पुढे १५ डिसेंबर १९६५ रोजी या शाळा चालवणाऱ्या संस्थेची नोंदणी झाली. तीच आजची केंद्रीय विद्यालय संगठन. तिचे मुख्य कार्यालय दिल्लीत आहे.

देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्याला २३ जून १९६१ रोजी सुरू झाली. म्हणजे सैनिकी शाळांची योजना आणि केव्हीची योजना दोन वर्षांच्या आतबाहेर जन्मल्या. दोन्ही ठिकाणी सीबीएसई, दोन्ही ठिकाणी फौजी मुले. पण उद्देश वेगळे. सैनिकी शाळेने मुलाला घरापासून लांब एका जागी ठेवून अधिकारी होण्यासाठी तयार करायचे. केव्हीने मुलाला आईवडिलांबरोबर राहू द्यायचे आणि तो जाईल तिथे त्याची शाळा तयार ठेवायची. आज देशात १२५० च्या वर केव्ही आहेत, आणि काठमांडू, मॉस्को व तेहरान इथे परदेशातल्या तीन.

अभ्यास

केव्हीत सगळीकडे एनसीईआरटीची पुस्तके असतात हे सर्वांना माहीत असते. पण तेवढ्याने काम भागत नाही, कारण पुस्तक एकच असले तरी एका शाळेत चौथा धडा चालू असेल आणि दुसरीत नववा. म्हणून संगठन 'स्प्लिट-अप सिलॅबस' काढते. कोणत्या महिन्यात कोणते धडे शिकवायचे, हे त्यात ठरवून दिलेले असते. ताई आतापर्यंत चार केव्हींत शिकली : जोधपूर, बिदर, तेजपूर आणि आता हिंडन. वाळवंट, दख्खन, आसाम आणि उत्तर प्रदेश. गणवेश तोच, प्रार्थना तीच, आणि वर्गात जाऊन बसले की फळ्यावर साधारण तोच धडा.

टीसीचेही तसेच. एका केव्हीचा दाखला घेऊन वडिलांच्या बदलीमुळे दुसऱ्या केव्हीत गेले, तर नव्याने रांगेत उभे राहावे लागत नाही. सीबीएसईमध्ये नववी-दहावी आणि अकरावी-बारावी हे दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम मानतात, त्यामुळे मधेच थेट दहावीत किंवा बारावीत प्रवेश एरवी मिळत नाही. बदली हे त्याला मान्य असलेले कारण आहे. फक्त विषय तेच असावे लागतात. इथे एक अडचण येऊ शकते. प्रत्येक केव्हीत अकरावीला सायन्स, कॉमर्स आणि ह्युमॅनिटीज या तिन्ही शाखा असतातच असे नाही. म्हणून मोठ्या मुलांच्या पालकांनी बदलीच्या गावी आपल्या मुलाचे विषय आहेत का, हे आधी पाहावे लागते.

प्रवेशासाठी आपल्यासारखी परीक्षा नसते. पहिलीसाठी प्राधान्याचे गट आहेत. केंद्र सरकारचे कर्मचारी, सैनिक आणि माजी सैनिक पहिल्या गटात, आणि गेल्या सात वर्षांत ज्यांच्या बदल्या जास्त झाल्या त्यांना आधी संधी. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिलीच्या २५ टक्के जागा सोडत काढून भरतात. नववीला नव्याने येणाऱ्यांची मात्र परीक्षा होते. २०२२ पर्यंत खासदारांच्या शिफारशीवर काही जागा मिळत असत, तो कोटा त्या वर्षी बंद झाला.

फी ऐकून आपल्याकडचे पालक दोनदा विचारतात. आठवीपर्यंत शिकवणी शुल्क नाही. नववी-दहावीला मुलांना महिना २०० रुपये, अकरावी-बारावी सायन्सला ४०० रुपये. मुलींना बारावीपर्यंत हे शुल्क माफ. त्याशिवाय विद्यालय विकास निधीचे महिना ५०० रुपये आणि संगणकाचे थोडे वेगळे. वसतिगृहाच्या शाळेला किती लागतात, हे मी पालकांना सांगायला नको.

एवढ्या कमी पैशांत निकाल कसा लागतो? २०२४ मध्ये सीबीएसईच्या दहावीचा देशाचा निकाल ९३.६० टक्के होता आणि केव्हीचा ९९.०९ टक्के. आपल्या शाळेत निवड परीक्षेतून मुले येतात, तिथे शिपायाचा, क्लार्कचा, अधिकाऱ्याचा मुलगा एकाच बाकावर पहिलीपासून येतो. त्यामुळे हा आकडा मला जास्त वजनदार वाटतो.

कमी पडणाऱ्या गोष्टीही सांगायला हव्यात. केव्हीचे शिक्षकही देशभर बदलीवर जातात. ताईला आसाममध्ये गणित शिकवायला केरळचे सर होते. हे छानच, पण जागा रिकामी राहिली की ती भरेपर्यंत कंत्राटी शिक्षक घ्यावे लागतात, आणि वर्षाच्या मधे शिक्षक बदलले की मुलांना पुन्हा जुळवून घ्यावे लागते. आपल्या शाळेत जसे रात्रीच्या प्रेपला शंका विचारायला सर असतात, तसे तिथे नाही. दुपारी शाळा सुटली की उरलेला अभ्यास घरी किंवा ट्यूशनला.

आणि मराठी नाही. हिंदी, इंग्रजी आणि संस्कृत एवढेच. दिल्लीत पहाडगंजला नूतन मराठी ही जुनी शाळा आहे, पण हिंडनहून रोज तिथे जाणे-येणे जमणारे नाही. ताई घरात चांगली सातारी मराठी बोलते, पण आजीला पत्र लिहायचे तर 'मैं' आणि 'मी' यांची खिचडी होते. मी मराठी नीट लिहायला इथे आल्यावर शिकलो. आपल्या मासिकात हे मराठी पान आहे याचे महत्त्व मला म्हणूनच जास्त वाटते.

खेळ

केव्हीत चार हाऊस असतात : शिवाजी, टागोर, अशोक आणि रामन. काश्मीरपासून केरळपर्यंत कोणत्याही केव्हीत जा, शिवाजी हाऊस असणारच. जोधपूरला माझ्या हाऊसमधला कॅप्टन राजस्थानी होता आणि 'शिवाजी' म्हणून घसा फाटेपर्यंत ओरडायचा, तेव्हा मला उगाचच भारी वाटायचे.

खेळाच्या तासिका मात्र आठवड्यातून दोनच. आपल्याकडे सकाळी पीटी आणि संध्याकाळी गेम्स रोज असतात, कोणाला सूट नाही. तिथे ज्याला आवड आहे तोच शाळा सुटल्यावर थांबतो. पण ज्याला आवड आहे त्याला वर जायला चांगली शिडी आहे. आधी शाळेचा संघ, मग विभागीय स्पर्धा, मग संगठनाची राष्ट्रीय स्पर्धा. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. केंद्रीय विद्यालय संगठन हे स्कूल गेम्स फेडरेशनच्या स्पर्धांत एखाद्या राज्यासारखा स्वतःचा संघ उतरवते. म्हणजे तिथे महाराष्ट्राचा संघ असतो, हरयाणाचा असतो, तसा केव्हीचाही असतो.

ताई खो-खो खेळते. तेजपूरला असताना तिने सुरुवात केली आणि हिंडनला आल्यावर संघात जागा मिळवली. १३ ते १९ जानेवारी २०२५ या काळात पहिला खो-खो विश्वचषक दिल्लीतच इंदिरा गांधी स्टेडियममध्ये झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० ने हरवले आणि पुरुषांनी ५४-३६ ने. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. ताई आणि तिच्या मैत्रिणी एक सामना बघून आल्या आणि आठवडाभर फोनवर दुसरा विषय नव्हता. तिला सर्वांत नवल वाटले ते मॅटचे. आपण खो-खो मातीत शिकतो, तिथे तो छपराखाली मॅटवर होता.

छपराचा मुद्दा दिल्लीच्या बाजूला फार महत्त्वाचा आहे. हे समजण्यासाठी तिथली हवा समजून घ्यावी लागेल.

ऑक्टोबर संपत आला की तिथे वारा मंदावतो. थंड, जड हवा जमिनीलगत साचते आणि तिच्यावर गरम हवेचे झाकण बसते. त्याच वेळी पंजाब-हरयाणात भाताचे काड जाळतात. गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ आणि दिवाळीचे फटाके त्यात मिसळतात. ही घाण वर जाऊच शकत नाही. त्यातले २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण सगळ्यात वाईट. ते केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही बारीक असतात आणि थेट फुप्फुसात खोल जातात. हवा किती खराब आहे हे 'एक्यूआय' या आकड्याने मोजतात. ५० पर्यंत चांगली, ३०० च्या वर अतिशय खराब, ४०० च्या वर गंभीर.

आता खेळाडूचा विचार करा. मोठा माणूस शांत बसलेला असताना मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जोरात धावताना तोच आकडा ५०-६० लिटरच्या वर जातो. म्हणजे त्याच मैदानावर बाकावर बसलेल्या मुलापेक्षा पाठलाग करणारी खेळाडू कितीतरी पट जास्त धूर ओढते. जो जास्त मेहनत करतो त्याला जास्त त्रास, असा हा उलटा हिशोब आहे.

यासाठी दिल्ली आणि आसपासच्या भागात 'ग्रॅप' नावाचे चार टप्प्यांचे नियम आहेत. एक्यूआय ४०० च्या वर गेला की तिसरा टप्पा लागतो. मग दिल्ली, गुरुग्राम, फरीदाबाद, गाझियाबाद आणि नोएडाचा गौतम बुद्ध नगर जिल्हा इथे पाचवीपर्यंतच्या वर्गांना घरून ऑनलाइन शिकण्याची सोय द्यावी लागते. ४५० च्या वर चौथा टप्पा. त्यात सहावी ते नववी आणि अकरावीही येतात. दहावी-बारावीला बोर्ड असल्यामुळे त्यांचे शक्यतो वर्गातच चालते. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या मैदानी स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरऐवजी सुरक्षित महिन्यांत घेण्याचा विचार करायला हवाविषयक आयोगाला सांगितले.

आपल्याकडे नोव्हेंबर म्हणजे क्रॉस कंट्रीचा महिना. गुलाबी थंडी, भरपूर ऊन आणि सह्याद्रीची हवा. तिथे त्याच महिन्यात ताई मास्क लावून बसते. मी दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा पहाटे सवयीने बूट घालून धावायला निघालो, तर आईने दार अडवले. एप्रिलमध्ये हवा बरी होते, पण मग ऊन चढते आणि मे महिन्यात शाळेला सुट्टी. पावसाळा धरून खरे खेळण्याचे महिने चार-पाचच उरतात. त्यात संघ बांधायचा आणि स्पर्धेला जायचे.

इमारत आणि सोयी

केव्हीची इमारत साधी आणि ओळखीची असते. लांब व्हरांडे, मधे प्रार्थनेचे मैदान, बाहेर गुलमोहर नाहीतर कडुनिंब. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राच्या प्रयोगशाळा, संगणक कक्ष, वाचनालय, चित्रकला आणि संगीताच्या खोल्या. मैदानावर बास्केटबॉल, व्हॉलीबॉल आणि खो-खोची आखणी. जलतरण तलाव, घोडे, ऑब्स्टॅकल कोर्स, मेस, इन्फर्मरी हे काही नाही.

हवाई दलाच्या किंवा लष्कराच्या तळावरच्या केव्हीला एक फायदा असतो. तिथल्या विद्यालय व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष तळावरचा वरिष्ठ अधिकारी असतो. शाळा वसाहतीच्या आत, त्यामुळे मुले सायकलने एकटी जातात आणि संध्याकाळी तळावरची मैदानेही वापरायला मिळतात. हिंडनवर सी-१७ आणि सी-१३० जे ही मोठी मालवाहू विमाने आहेत. एखादे डोक्यावरून गेले की बाई वाक्य अर्ध्यावर थांबवतात, आवाज संपला की तिथूनच पुढे सुरू करतात. वर्गात कोणी वर बघतही नाही. पाहुणे म्हणून गेलेले आम्ही मात्र खिडकीकडे धावतो.

सगळ्याच केव्हींना एवढी जागा आणि निवांतपणा नाही. दिल्लीभोवतीची उपनगरे फार वेगाने वाढली आणि शाळा तितक्या वाढल्या नाहीत. नोएडा आणि गुरुग्राम इथे केव्ही दोन पाळ्यांत भरते. सकाळी एका पाळीची मुले, दुपारी दुसऱ्या पाळीची, त्याच वर्गांत आणि त्याच बाकांवर. अशा ठिकाणी शाळा सुटल्यावर सरावासाठी थांबायचे म्हटले तर मैदानावर दुसऱ्या पाळीची मुले असतात. म्हणून शाळेच्या सोयी मोजताना किती एकर आणि किती खोल्या एवढेच मोजून चालत नाही. एका मुलाच्या वाट्याला ते मैदान दिवसातून किती तास येते, हे विचारायला हवे. या हिशोबाने आपण खरोखर श्रीमंत आहोत, आणि सकाळच्या शिट्टीला शिव्या घालताना आपल्याला ते आठवत नाही.

मग कोणती शाळा चांगली?

केव्हीची सर्वांत मोठी सोय इमारतीत नाही. ती टीसीच्या कागदात आणि त्या महिनावार वेळापत्रकात आहे. बदली झालेल्या मुलाचे वर्ष वाया जात नाही आणि ते आईवडिलांबरोबर राहते. पण त्याच कारणाने तिथे काही फार काळ आपले राहत नाही. धडा पुढच्या गावी तयार असतो, मैत्रीण नसते. संघ तर नसतोच. खो-खोत मैदानावर नऊ जणी असतात आणि कोण कधी खो देणार हे एकमेकींच्या अंगात मुरायला वर्ष-दीड वर्ष जाते. पप्पांना हिंडनला येऊन तिसरे वर्ष आहे. या मार्च-एप्रिलमध्ये बदलीचा हुकूम आला, तर ताईचा सायन्सचा अभ्यास बुडणार नाही, पण बारावीत १९ वर्षांखालील गटात खेळण्याचे तिचे शेवटचे वर्ष कोणत्या संघात जाईल, हे कोणताही सिलॅबस सांगू शकत नाही. बोर्डाच्या वर्षी कुटुंबाला मागे क्वार्टरमध्ये राहू देण्यासाठी अर्ज करता येतो. तसे झाले तर पप्पा एकटे पुढे जातील.

आपल्या शाळेत उलट आहे. इथे सहावीपासूनचा माझा हाऊस, माझे मित्र, माझे मैदान बदलले नाही. घर मात्र दोनदा बदलले, आणि दोन्ही वेळा मी सुट्टीत गेलो तेव्हा माझे सामान कोणत्या खोक्यात आहे हे आईला विचारावे लागले. धाकटा भाऊ मला पहिली ते पाचवीत फक्त सुट्ट्यांत भेटला. त्याची उंची मी दर वेळी नव्याने पाहतो.

यंदा त्याच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेचा विषय घरात निघाला आहे आणि पप्पांनी माझे मत विचारले. मी सांगितले ते असे. परीक्षा देऊ दे, तयारीने गणित सुधारतेच. पण निकाल लागला म्हणून लगेच पाठवू नका. आधी त्याला इथे आणा, एक दिवस सकाळपासून रात्रीच्या रोलकॉलपर्यंत दाखवा आणि मग त्याला विचारा. त्याला मैदान हवे असेल, गणवेश हवा असेल आणि रात्री रडू आले तरी सकाळी उठायची तयारी असेल, तर त्याने यावे. त्याला रात्री आईजवळ बसून अभ्यास करायचा असेल, तर त्याने केव्हीतच राहावे. त्यात कमीपणा काही नाही. केव्हीतून एनडीएत जाता येते. परीक्षा सर्वांना एकच आहे.

पालकांनी शाळा बघायला जाताना माझ्या मते तीन गोष्टी विचाराव्यात. येत्या पाच वर्षांत आपली बदली किती वेळा होऊ शकते? मुलाला रोज मैदान आणि मित्र किती तास मिळतील? आणि त्याची भाषा कोण शिकवेल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'कोणी नाही' असे आले, तर ते काम घरी करावे लागेल. आईने ताईसाठी हे पान दर वर्षी मागून घ्यायला सुरुवात केली आहे. ती मोठ्याने वाचते आणि अडलेले शब्द मला फोनवर विचारते. या लेखातले कोणते शब्द ती विचारणार, याची मी एक यादी करून ठेवली आहे.